वांदराचं सुतक

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कोणाचे, असं मला कोणी विचारलं तर लोकांना वाटतं मी आईवडिलांचं नाव घेईन, नाहीतर नागपूरच्या कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकांचं. आईवडिलांचे उपकार मोजायचे नसतात, आणि प्राध्यापक मंडळींनी मला पास केलं हे खरंच आहे. पण मी मास्तर म्हणून टिकलो तो एका शाहिरामुळे. चामोर्शीच्या आठवडी बाजारात शिलाई मशीन घेऊन बसणारे, बंड्या आणि चड्ड्या शिवणारे, आणि दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, डफ घेऊन उभे राहणारे आमचे शाहीरभाऊ. शिक्षण तिसरीपर्यंत. विज्ञानाशी त्यांचा तोपर्यंतचा संबंध मशीनला तेल घालण्यापुरता.

गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरच्या काही वर्षांतली. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मिळून चांदा जिल्हा होता. मी बी.एस्सी. होऊन परत आलो होतो. आमच्या घरात माझ्या आधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. माझ्या गावात मला नावानं कोणी हाक मारत नसे. 'बीएस्सी आला', 'बीएस्सी जेवला का', असंच चाले. वडील बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणी करताना शेजारच्या बांधीतल्या माणसाला ओरडून सांगत, "माया पोट्ट्याले नोकरी लागली, गा! मास्तर झाला, हायस्कूलात!" शेजारच्याला ते आधीच ठाऊक असे, कारण काल आणि परवाही त्यानं तेच ऐकलेलं असे.

नोकरी लागली होती, पण कच्ची. चामोर्शीत नवीन निघालेलं हायस्कूल, गावकऱ्यांच्या मंडळानं चालवलेलं. पहिलं वर्ष बघू, मग कायम करू, असं मंडळाच्या अध्यक्षांनी मला सांगितलं होतं. हे अध्यक्ष म्हणजे गावचे पाटील. उंच, धिप्पाड माणूस, आवाज खर्जातला, आणि मिशी अशी की तिच्यावर लिंबू ठेवावं. शाळेसाठी जागा त्यांचीच, सागवान त्यांचं, आणि शनिवारी मारुतीच्या देवळात पहिला नारळही त्यांचाच.

मला शिकवायची अतोनात हौस होती. नागपूरला मी जे जे शिकलो होतो ते सगळं या पोरांना एका वर्षात द्यायचं, असं मी मनाशी धरलं होतं. बेडूक, गांडूळ, पानावरची छिद्रं, काही सोडलं नाही. शास्त्राच्या पुस्तकात शेवटी दीड पानाचा एक मजकूर होता: सजीव कसे बदलत गेले, आणि माणूस कसा झाला. माझ्या आधीचे मास्तर ते दीड पान सोडून देत असत म्हणे. मी त्याला तीन तास घेतले.

पोरांना ते फार आवडलं. माणूस आणि वानर एका पूर्वजापासून आले, हे सांगितल्यावर वर्गात आधी खसखस पिकली. ती पिकणारच. एकमेकांकडे बोटं दाखवून झाली. मग एका मुलानं विचारलं, "सर, कशावरून?"

कशावरून, हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मिळाला की मास्तरचं जेवण झालंच म्हणून समजावं. मी फळ्यावर माणसाच्या हाताची हाडं काढली. शेजारी वानराच्या हाताची काढली. माझी चित्रकला बेताची. दोन्ही चित्रं पळसाच्या मुळांसारखी दिसायला लागली. शेवटी खडू ठेवून मी म्हणालो, "नागपूरला आमच्याकडे खरा सांगाडा होता. आपल्या शाळेत एखाद्या वानराचा सांगाडा असता ना, तर एका मिनिटात पटवून दिलं असतं."

एवढंच म्हणालो. पुढच्या सोमवारी तीन मुलं पोतं घेऊन शाळेच्या दारात उभी.

"सर, सापडला."

पोत्यात वानराचा सांगाडा होता. स्वच्छ, बोडीत, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यात, घासून धुतलेला, एकही दात न हरवलेला. आनंदानं पोरांना मिठी मारायचीच बाकी राहिली. कुठे सापडला, हे विचारायचं मला सुचलं नाही. जंगल गावाच्या पाठीला टेकलेलं, वानरं तर गावातच राहायची. सापडायला काय? दोन दिवस शाळा सुटल्यावर आम्ही चौघांनी बसून दाभणानं आणि तारेनं तो सांगाडा एका फळीवर उभा केला. त्यातला एक मुलगा जंगलातल्या गोंड टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून, चालत यायचा. त्याच्या कुळात कासव मारत नाहीत, कासवाला ते आपलं मानतात. तार पिळता पिळता तो मला म्हणाला, "सर, जनावराचं अन् माणसाचं नातं आहे, हे यायले नवीन वाटून राह्यलं का?" मी म्हणालो, "तुला नाही वाटत?" तो म्हणाला, "नाई. फक्त आमचं कासवाशी आहे. तुमचं वांदराशी निघालं."

तो तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला तास असावा. प्रत्येक मुलानं आपला पंजा वानराच्या पंजाशेजारी ठेवून पाहिला. पाच बोटं, तीच पेरं, तोच मनगटातल्या हाडांचा पुंजका. अंगठा तेवढा आखूड. कोणी हसलं नाही. मुलं घरी गेली आणि त्यांनी घरोघर आपापले पंजे दाखवून आईबापांना धडा शिकवला.

त्या संध्याकाळी मारुतीच्या पुजाऱ्याच्या लक्षात आलं की देवळामागचा शेंदूर लावलेला दगड उलटा बसलेला आहे. शेंदूर मातीत, आणि पाठ वर.

मी गावात येण्याच्या दोन वर्षं आधी तिथे एक मोठं काळतोंडं वानर चिंचेवरून पडून मेलं होतं. शनिवारी मेलं, आणि तेही देवळाच्या आवारात. गावानं त्याला माणसासारखं नेलं. तिरडी बांधली, गुलाल उधळला, भजन लावलं, देवळामागे पुरलं आणि वर दगड बसवून शेंदूर लावला. आमच्याकडे ही रीत आहे, आजही आहे. तेराव्या दिवशी गावजेवण झालं. मला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या तीन विद्यार्थ्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी त्या गावजेवणात पोटभर भात खाल्ला होता. पण सरांना सांगाडा पाहिजे, आणि सांगाडा कुठे आहे हे आपल्याला ठाऊक आहे, इतका सरळ हिशोब त्यांनी केला. दगड परत बसवायलाही ते विसरले नाहीत. फक्त उलटा बसवला.

दुसऱ्या दिवशी शाळेपुढे अर्धं गाव जमलं. त्यात रागावलेले होते, रडवेले होते, आणि नुसते बघायला आलेले तर सगळ्यांपेक्षा जास्त होते. पाटील पुढे आले. त्यांनी फळीवर उभ्या केलेल्या वानराकडे पाहिलं आणि हात जोडले. मग माझ्याकडे वळले.

"मास्तर, हे तुमच्या शास्त्रात बसते का?"

मी म्हणालो, "पाटीलसाहेब, मला खरंच माहीत नव्हतं."

"ते पोट्ट्याईनं सांगतलं मले. ते सोडा. तुमी आमाले वांदराची अवलाद म्हणता, हे खरं हाय का?"

इथे मी मान खाली घालून 'नाही' म्हटलं असतं, तर बहुतेक तिथेच निभावलं असतं. पण तीन मुलं दाराच्या चौकटीला चिकटून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "अवलाद नाही. पण नात्यातले आहोत, असं पुस्तकात आहे, आणि मला ते पटतं."

मागून एक म्हातारी ओरडली, "तुयी माय असन वांदरीन!" लोक हसले. पाटील हसले नाहीत. म्हणाले, "मंडई होऊ द्या. मंडईनंतर मंडळाची सभा घेऊ. तुमाले ठेवाचं का नाई, ते तिथं पाहू. तवर हे दीड पान शिकवू नका." सांगाडा पांढऱ्या कापडात झाकून शाळेच्या कपाटात ठेवला गेला, आणि किल्ली पाटलांनी कनवटीला लावली.

मी खोलीवर आलो. काय करावं सुचेना. घरी परत जायचं म्हणजे वडिलांनी शेजारच्या बांधीत आता काय ओरडून सांगायचं, याचाच विचार सारखा येत होता. नोकरी पुन्हा कुठे मिळाली असती. पण वानराची हाडं उकरणारा मास्तर म्हणून जी ख्याती झाली असती, ती माझ्याआधी त्या गावात पोचली असती. आणि खरं सांगायचं तर त्या तासाची गोडी लागली होती. ते दीड पान सोडून देणारा मास्तर व्हायचं माझ्या जिवावर आलं होतं.

बाजाराच्या दिवशी दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. गळ्यात मोजपट्टी, कानावर विडी.

"मास्तर आहेत का घरी? का झाडावर?"

हे शाहीरभाऊ. मी त्यांना बाजारात पाहिलं होतं, बोलणं कधी झालं नव्हतं. ते न विचारता खाटेवर बसले.

"हे पाहा मास्तर, मी तुमच्यावर उपकार कराले नाई आलो. मले माया पोटाची पडली हाय. मंडईत आमची खडी गंमत हाय, तुमाले माहीत असन."

खडी गंमत म्हणजे आमच्याकडचा दिवसाढवळ्या उभ्यानं होणारा तमाशा. दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात. एक शाहीर गाण्यातून सवाल टाकतो, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब न आला तर त्या शाहिराची आणि त्याच्या गावाची वर्षभर नाचक्की.

"समोरची पार्टी पल्याडच्या गावची हाय," शाहीरभाऊ म्हणाले. "थो शाहीर मोठा खट हाय. तुमच्या वांदराचं सारं त्याले कळलं. आता थो मंडईत आमच्यावर हाच सवाल टाकनार. म्हनन, वांदराचं गाव! अन् मले जवाब येत नाई, काऊन का तुमी काय शिकवता हेच मले माहीत नाई. तवा शिकवा."

"तुम्हाला पटतं का हे?"

"पटाचं काय घेऊन बसले? मी रावणाचाही जवाब देतो, मले रावण पटते का?"

मग मी शिकवायला बसलो. बी.एस्सी.ला जे जे शिकलो ते सगळं काढलं. शाहीरभाऊ विडी विझवून ऐकत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मास्तर, यातलं एक अक्षर डफावर बसत नाई."

"मग?"

"सोपं सांगा. वांदर माणसाचा बाप का आजा?"

"दोन्ही नाही. आपला आणि त्याचा फार फार मागचा पूर्वज एक. त्याच्यापासून फाटे फुटत गेले. एका फाट्यावर तो, एका फाट्यावर आपण."

शाहीरभाऊंनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे भाऊबंद!"

"हो. चुलत म्हणा."

"मंग असं बोला ना, बाप्पा! घंटाभर पेशी-पेशी करून राह्यले! एका आज्याची वाटनी झाली. आपन जमीन घेतली, थ्यानं झाडं घेतले."

"तसंच अगदी नाही, पण..."

"अन् थ्याले वाटनी पटली नाई. मनून थो आजही आपल्या चन्याच्या वावरात येऊन भांडते."

मी हसलो, आणि पुष्कळ दिवसांनी हसलो. मग मी त्यांना दुरुस्त करत गेलो आणि ते मला सोपं करत गेले. वाटणी कोणी ठरवून केली नाही, लाखो वर्षं लागली, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "लाखो वर्स डफावर बसते. लाऽखो." उठताना त्यांनी विचारलं, "थ्या वांदराची तेरवी झाली थ्या दिवशी तुमी गावात होते का?" मी नव्हतो म्हणालो. ते नुसते "हं" म्हणाले आणि गेले.

मंडईचा दिवस आला. धान बरंचसं कापून झालेलं, बांध्या मोकळ्या, लोकांच्या अंगावर नवे कपडे, त्यातले पुष्कळसे शाहीरभाऊंनी शिवलेले. दुकानं, पाळणे, गरम भजी. दुपारी गावाबाहेरच्या मैदानात गंमत उभी राहिली. पाटील पुढच्या रांगेत पाटावर बसले होते, शेजारी मंडळाचे सभासद. मी मागे, माझ्या तीन उकरणाऱ्यांबरोबर.

पल्याडच्या शाहिरानं देवाला नमन केलं, गावाला नमन केलं, आणि पहिल्याच झटक्याला आमच्यावर आला:

"इथल्या शाळेत मास्तर आला, शिकून आला नागपूर,
माणसाचा म्हणे बाप वांदर, ऐका याचा सूर!
वांदर जर का माणूस झाला, सवाल माझा खरा,
देवळावरचा वांदर अजून, काऊन राह्यला अधुरा?"

लोकांनी शिट्ट्या मारल्या. आपल्याच गावाची टर उडतेय हे लक्षात येऊन त्या अर्ध्यात थांबल्या. आमचे शाहीर पुढे आले. डफ कानाशी नेला.

"तुमचा चुलता चांद्याले गेला, तुमी राह्यले घरी,
थो तुमच्यावानी झाला का नाई, पुसलं का कधी तरी?
एका आज्याचे लाऽखो नातू, ज्याच्या त्याच्या वाटा,
कोनं धरला नांगर हाती, कोनं धरला फाटा!"

हे लोकांना कळलं. भाऊबंद कोणाला नाहीत? माझ्या पुढचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "खरं हाय गा. माया चुलत्याची पोरं वांदरच हायेत." पण पल्याडचा शाहीर खट होता. त्यानं गाणं सोडून नुसत्या बोलण्यात डिवचलं, "नातं म्हनता, त साक्षी कोन? कोनं पाह्यलं? कोनं पाळलं हे नातं?"

शाहीरभाऊ जणू याचीच वाट बघत होते. ते वळले, थेट पाटलांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि वाकून नमस्कार करून गायले:

"साक्षी पुसता? साक्षी बसले समोर पाटावरी!
खांदा देल्ला, पानी देल्लं, तेरवी केली दारी,
नातं नोहोतं त पाटील, मिशी काढली काऊन सारी?"

मला हे माहीत नव्हतं. त्या वानराच्या दहाव्याला पाटलांनी मुंडण केलं होतं आणि मिशी उतरवली होती. ती लिंबू ठेवायची मिशी! गावातल्या प्रत्येकाला ते आठवत होतं, पण पाटलांच्या तोंडावर त्याचा उच्चार आजवर कोणी केला नव्हता. तुणतुणं थांबलं. लोक पाटलांकडे बघायला लागले. माझ्या शेजारचा मुलगा पुटपुटला, "सर, आता आपन गेलो."

पाटील सावकाश म्हणाले, "शाहीर, मिशी काढली ते खरं हाय. पन थे मारुतीसाठी."

"पाटील, मारुतीसाठी शेंदूर लावते," शाहीरभाऊ म्हणाले. "मिशी घरच्या मानसासाठी काढते."

कोणीतरी आधी फिस्सकन हसलं. मग सगळं मैदान हसलं. बाया पदर तोंडात धरून हसल्या, पल्याडचा शाहीर डफ पोटाशी धरून हसला. पाटलांनी काही वेळ तोंड घट्ट धरून ठेवलं होतं. मग मिशीची टोकं हलायला लागली. शेवटी तो खर्जातला माणूस असा हसला की त्यांचा फेटा सुटला. त्यांनी खांद्यावरचा शेला काढून शाहीरभाऊंच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "सुतक पाळलं मी. नातं नाई कसं म्हनू?"

मंडळाची सभा दोन दिवसांनी झाली. मला बोलावलं होतं. पाटलांनी कनवटीची किल्ली काढून कपाट उघडलं, कापड बाजूला केलं आणि म्हणाले, "दाखवा बरं मास्तर, पोराईले काय दाखवत होते ते." मी पंजा दाखवला. त्यांनी आपला रुंद पंजा त्याच्या शेजारी ठेवला, उलटा करून पाहिला, एकेक बोट मिटून पाहिलं. मग ते म्हणाले, "तुमचं चुकलं ते एवढंच, की घरच्याईले पुसलं नाई."

मी घरच्यांची, म्हणजे पाटलांची आणि गावाची, माफी मागितली. सांगाडा पुन्हा पुरायचं ठरलं, आणि ते योग्यच होतं. त्याआधी मुलांनी कपाटासमोर बसून त्याचं मोठं चित्र काढलं. ते माझ्या चित्रापेक्षा कितीतरी चांगलं होतं, आणि पुढे अनेक वर्षं वर्गात टांगलेलं होतं. मग मी आणि माझे तीन विद्यार्थी खांद्याला लागलो, भजन झालं, आणि दगड या वेळी सुलटा बसला. वर्ष संपलं तेव्हा मंडळानं मला कायम केलं. वडिलांनी ती बातमी बांधीतून किती लांब पोचवली असेल, ते मी इथे सांगत नाही.

गावाला त्या दिवशी उत्क्रांती पटली, असं मात्र मी म्हणणार नाही. मिशी काढली म्हणून नातं सिद्ध होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पुजारी शेवटपर्यंत माझ्याशी तुटक वागले. ती म्हातारी रस्त्यात भेटली की 'काय, वांदराच्या!' म्हणून हाक मारायची, पण आता हसून. गावाला पटलं ते इतकंच, की हे ऐकल्यानं काही बुडत नाही. शिकवणाऱ्याला एवढी जागा पुष्कळ झाली. लोक मला अडवून विचारायला लागले. वाघ आपला कोण? मासोळी कोण? बिबा अंगावर उततो, त्याचं कारण काय? मला येत नसेल ते मी 'येत नाही' म्हणून सांगत असे. मास्तरला येत नाही, हे ऐकून लोकांना फार बरं वाटायचं, आणि ते आणखी विचारायचे.

सगळ्यात जास्त विचारायचे शाहीरभाऊ. आमची मैत्री जमली होती. आधी ते गंमतीसाठी विचारत. मग नुसतंच विचारायला लागले. पुढे काही वर्षांनी मंडळानं मला शास्त्र शिकवण्याच्या एका वर्गासाठी पुण्याला पाठवायचं ठरवलं. निघायच्या दिवशी ते मोटारीपर्यंत पोचवायला आले. मोटार चालू झाली तेव्हा खिडकीला धरून म्हणाले, "मास्तर, एक अडते. मानूस मानसाच्याच पोटी येते. मंग पह्यला मानूस कोनाच्या पोटी आला? थ्याची माय कोन?" मी काही सांगायच्या आत मोटार हलली. पुण्याला पोचल्यावर मी त्यांना जे पत्र पाठवलं, ते असं होतं:

शाहीरभाऊ,

नमस्कार. मी सुखरूप पोचलो. इथे हवा थंड आहे आणि भात फार थोडा वाढतात.

तुमचा सवाल घेऊनच गाडीत बसलो होतो. जवाब वाटेत मिळाला असं वाटतं. तो तुमच्या कामाचा आहे का बघा.

चांद्याला गाडीत बसलो तेव्हा डब्यात सगळे आपल्यासारखं बोलणारे. वर्ध्याला थोडे उतरले, थोडे चढले. जे चढले त्यांचं बोलणं किंचित वेगळं, पण सगळ्यांना कळत होतं. अकोल्याला तसंच. भुसावळला तसंच, मनमाडला तसंच. प्रत्येक स्टेशनवर शेजारी बसलेल्या दोन माणसांना एकमेकांचं बोलणं कळायचं. पण पुण्याला उतरून मी टांगेवाल्याला आपल्या बोलीत काही विचारलं, तर तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग मी विचार केला, की आपली बोली कोणत्या स्टेशनावर संपली आणि याची कोणत्या स्टेशनावर सुरू झाली? तसं स्टेशन कोणतंच नव्हतं.

पहिल्या माणसाचंही तसंच असावं. प्रत्येक मायच्या पोटी तिच्यासारखंच लेकरू आलं. माय आणि लेकरू नेहमी एकाच डब्यात. पण गाडी लाखो वर्षं चालली. म्हणून पहिला माणूस असा कोणी नव्हता, आणि त्याची वेगळी मायही नव्हती. मी हे आमच्या इथल्या शिक्षकांना सांगितलं. ते म्हणाले, उदाहरण बरं आहे, वर्गात सांगा. मी म्हणालो, सवाल माझा नाही, आमच्या शाहिरांचा आहे. त्यांनी विचारलं, ते कुठले प्राध्यापक? मी म्हणालो, चामोर्शीच्या बाजाराचे.

आता एक तक्रार. यंदा पल्याडच्या गावच्या मंडईत तुम्ही वानराला 'आजा' म्हणालात, असं मुलांनी मला सांगितलं. 'राजा'शी यमक चांगलं जुळतं हे मला कळतं. पण तो आजा नाही, चुलत आहे. तुम्हीच मला ते सोपं करून दिलं होतं, आणि आता तुम्हीच बिघडवता.

तोंडावर बोलता आलं नाही ते लिहितो. त्या मंडईत तुम्ही माझी नोकरी वाचवली हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याआधी मला वाटायचं की मी शहाणा आणि लोकांना शहाणं करायचं. आपल्या माणसांशी बोलायचं कसं, हे मला बी.एस्सी.ला कोणी शिकवलं नव्हतं. ते तुम्ही माझ्या खाटेवर बसून शिकवलं, आणि वर म्हणालात की मी उपकार करायला आलो नाही. मी रोज वर्गात उभा राहतो तेव्हा मला ते आठवतं.

वर्ग संपायला अजून अवकाश आहे. माझ्या वर्गाला सध्या कोण शिकवतं ते बघा, आणि ते दीड पान सोडत असतील तर शाळेत जाऊन विचारा. तुम्हाला कोणी अडवणार नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. 'चुलत'ला यमक सापडलं तर कळवा, मलाही अजून सापडलेलं नाही.

तुमचा,
मास्तर